दोन लिटर गंगा

९ जानेवारी, गुरुवार

वायरच्या कंपनीची डायरी दरसाल फुकट येती. मही बायको गुणाबाई तिची पानं फाडून डब्याच्या बुडाला घालती. ह्या साली मीच लिहायला घेतली. सातवी पास हाय. चाळीस वर्ष मोटारी भरल्या, वाइंडिंगचं दुकान आता पोराकडं हाय. दोन ओळी लिहायला काय जातंय.

आज लिंबाजी आला. हा रेल्वेत गँगमन होता, मुदखेडलाच रिटायर झाला. पस्तीस वर्ष झाली, आमी दोघं दर आयतवारी आमदुऱ्याला गंगेवर गळ टाकून बसतो. पुस्तकात तिला गोदावरी म्हनतात, आमच्याकडं गंगाच. आमचा एकच कायदा. गळ पान्यात हाय तवर बोलायचं न्हाई, मासा पळतो. त्यामुळं पस्तीस वर्षात आमचं एकदा बी भांडन झालं न्हाई. बोलनंच न्हाई तर भांडन कुठून यायचं.

म्हनला, अण्णा, समुद्रात गळ टाकायचा का. मी म्हनलो, समुद्र मुदखेडात कधी आला. तर म्हने पुनमच्या गावाला. पुनम त्याची एकुलती एक पोरगी, जिल्हा परिषदेची मास्तरीन. आमच्या नांदेड-लातूरच्या पोरांना मास्तरकी लागली की कोकनातच लागती. हिला दापोलीच्या पुढं हर्णै मिळालं. जावई बी तिथंच मास्तर. दहा वर्षापासून इकडं बदली मागून राहिली, अर्ज काही हलत न्हाई.

दोन वर्षामागं कोंडावहिनी गेल्या. तवापासून पुनमनं बापाच्या मागं टुमनं लावलंय, इथं या, कायमचे राहा. त्यानं अजून हाव म्हनलं न्हाई. म्हननार बी न्हाई. सत्तर वर्षाचं झाड उपटून दुसरीकडं लावलं तर जगतं का. आन तो गेला तर मी गंगेवर कुनासंग गप बसू? गुणाबाई गप बसनाऱ्यातली न्हाई.

पन ही तर चार दिवसाची बात हाय. येतो म्हनलो.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ द्यायला लिंबाजीकडं गेलो तर दावनीला बकऱ्या न्हाईत. दोन्ही शेजारच्या बसम्माला देऊन टाकल्या. इकल्या न्हाई, दिल्या. चार दिवसासाठी बकऱ्या कोन देऊन टाकतं? म्हनला, वागवनं होत न्हाई आता. मानूस आळशी झाला की लई मोठं बोलतो.

वर त्याची बांबूची गळाची काठी मला दिली. तेल लावून ठेव म्हनला. पस्तीस वर्षात त्या काठीला त्यानं मला हात लावू दिला न्हाई. आता तेल लावायची येळ आली तर अण्णा आठवला. लई चालू मानूस.

१९ जानेवारी, आयतवार

गळाचा चारा केला. ज्वारीचं पीठ, शेंगदान्याची पेंड, गूळ आन वरून हिंग. ह्या गोळ्यावर मी आमदुऱ्याला नऊ किलोचा कतला काढलाय. ह्या खेपेला दोन किलो मळला. गुणाबाई परातीसाठी खोळंबली होती. म्हनली, समुद्रातल्या माशाला हिंग लागतंय का? त्याला काय गॅसेस झालेत? मी म्हनलो, मासा तो मासा, पोट सगळ्यांना हाय.

मग म्हनली, लिंबाजी भावजी तुमाला काही बोलले का. मी म्हनलो काय बोलायचं. ती परात घासत बसली. बाईमानसाला उगंच कोडं घालायची खोड.

२३ जानेवारी, गुरुवार, गाडीत

नांदेडहून पनवेलची गाडी. मह्याकडं एक पिशवी, त्यात अर्धी जागा पिठाच्या गोळ्याला. लिंबाजीकडं बघावं तर एक ट्रंक, तीन पिशव्या, एक वळकटी. टावेलात गुंडाळलेला कोंडावहिनीचा फोटो. चार दिवसासाठी बायकोचा फोटो! मी तर चार दिवस बायको दिसनार न्हाई म्हनून निघालो.

आन एक थंड्याची दोन लिटरची बाटली, काठोकाठ पानी भरलेली. हे काय, तर गंगेचं पानी. मी म्हनलो, लिंब्या, समुद्राला पान्याचा तुटवडा पडला का? म्हनला, असू दे. ट्रंक बाकाखाली ढकलली, बाटली मातर मांडीवर. सीट दोघाला, बाटली धरून तीन.

निघताना घराची चावी मह्या हातात दिली. मी म्हनलो, तुह्या घराची चावी मी कामून वागवू? म्हनला, मह्याकडनं हरवंल. खिशात टाकली. हा मानूस दिवसेंदिवस लेकरावानी करून राहिला.

लातूर गेलं तवा लिंबाजी खिडकीच्या गजाला डोकं लावून बसला होता. काय दिसतंय म्हनलं तर म्हनला, काही न्हाई, आपल्याकडची शेवटची काळी माती हाय, बघून राहिलो. माती बघायला तिकीट काढलं का, म्हनलं आन झोपलो.

२५ जानेवारी, शनिवार, हर्णै

काल पोचलो. पनवेलपासून यष्टीत आतडं ढिलं झालं. एवढी वळनं कोनी आन कामून घातली असतील.

पुनमचं घर चांगलं हाय. बापासाठी येगळी खोली काढली. नवी बाज, नवी गादी, न्हानीघरात धरायला लोखंडी दांडी. भिंतीला खिळा आधीच ठोकून ठेवलेला. लिंबाजीनं आल्या आल्या फोटो काढून त्या खिळ्याला अडकवला. बराबर बसला. पुनमनं पदर डोळ्याला लावला. चार दिवसाच्या पाव्हन्यासाठी एवढा थाट मला झेपत न्हाई. मला बाहेरच्या खोलीत सतरंजी दिली. तेच बराबर.

संध्याकाळी समुद्र दाखवला. सगळे म्हनत होते बघून जीव हरखंल. मला तर पहिल्यांदा हेच दिसलं की ह्याला पल्याड काठच न्हाई. नदीला कसं, ह्या काठाला आपन, त्या काठाला कोनतरी दुसरा येडा बसलेला. इथं कुनाकडं बघायचं.

पुनमनं ओकारीची गोळी दिली, सोमवारी होडीत बसायच्या आधी घ्या काका. मी म्हनलो, मी गंगेच्या पुरात भोपळ्यावर बसून गेलेला मानूस हाय. गोळी खिशात टाकली, चावीसंग.

२७ जानेवारी, सोमवार

आज सगळं लिहितो. बोटाला चिंधी बांधलीय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी पुनम शाळेला जायच्या आधीच आमी बंदरावर गेलो. तिथं होडीच्या मालकाला नाखवा म्हनतात. आमचा नाखवा पन्नाशीचा, काळाकुळकुळीत, बोलनं कमी. मला आवडला. त्यानं दोघाला लाल जाकीट घालायला दिलं. मी म्हनलो, मी गंगा पोहून पल्याड गेलेलो हाय. तो म्हनला, "आजोबा, इथंही पल्याड दिसत असेल तर पोहा." जाकीट घातलं.

होडीच्या पुढच्या टोकाला टोपली, टोपलीत नाखव्याची पान्याची बाटली. लिंबाजीनं आपली पिशवी बी तिथंच टेकवली. समुद्रातल्या किल्ल्याला वळसा घालून मागच्या खडकाजवळ गेलो. किनारा दिसत होता, म्हंजे लई लांब न्हाई. इंजन बंद झालं, दगडाचा नांगर टाकला. इंजन मातर चांगलं ठेवलंय, आवाजावरनं कळतं.

इथं काठी न्हाई. हातात नुसता दोर, खाली शिशाचं वजन आन गळ. मी पिठाचा गोळा लावून सोडला. वर ओढला तर गळ धुतल्यावानी साफ. मी खूश. म्हनलो, लिंब्या, बघ, खाऊन गेला. परत लावला, परत साफ. पाचव्या खेपेला नाखवा म्हनला, "मासा नाही आजोबा, तुमचं पीठ खारं पाणीच खातंय." दोन किलो चारा. होडीभर हिंगाचा वास सुटला होता, तेवढाच काय तो त्याचा उपेग. मग त्यानं कोळंबी लावून दिली. आमच्याकडं कोळंबी पाव्हन्याला मिळत न्हाई, इथं माशाला वाढतात.

दोर सोडून बसलो. लिंबाजी म्हनला, अण्णा, एक सांगायचं होतं. मी ओठावर बोट ठेवलं. गळ पान्यात हाय. नाखवा हसला, म्हनला इथं खुशाल बोला, मासा चाळीस फूट खाली हाय, त्याला काय ऐकू येतंय. मी म्हनलो, कायदा तो कायदा.

मला पहिला मासा लागला. लई जोर लावून ओढला तर काय, आमच्या गंगेतलाच शिंगटा. त्याच मिशा, तेच काटे. एवढा रेल्वेनं, यष्टीनं आलो आन भेटला कोन तर गाववाला. नाखवा म्हनला ह्याला शिंगाळा म्हनतात. म्हना. काट्यानं बोट फाडलं, म्हंजे ओळख पटली.

लिंबाजीला लागली तांबोशी. लालभडक, अडीच किलोच्या वर. पस्तीस वर्षात त्याचा मासा मह्यापेक्षा मोठा निघाला असा हा तिसरा टाइम. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. मासा टोपलीत टाकला आन परत म्हनला, अण्णा. मी परत बोट ठेवलं.

त्याच्यानंतर वारं सुटलं. नांगर टाकलेली होडी म्हंजे लई वाईट. पुढं जात न्हाई, गप बी बसत न्हाई. नाखवा म्हनला लांब किनाऱ्याकडं बघा. मी खाली बघितलं. सकाळचे पोहे, कालचं माशाचं सार, शुक्रवारचे घावन, सगळं समुद्राला वापस केलं. खाली मासेच मासे गोळा झाले. दोन किलो चाऱ्यानं जे झालं न्हाई ते असं झालं.

डोळ्याम्होरं अंधारी आली. टोपलीकडं हात घातला, बाटली लागली. चूळ भरली, दुसरी भरली, तोंड धुतलं, डोक्यावर वतली. उरलेलं घटाघटा पिलो. पानी जरा शेवाळाच्या वासाचं होतं, पन पोटाला वळखीचं लागलं. बाटली पार रिकामी केली आन समुद्रात फेकनार तेवढ्यात नाखवा म्हनला, फेकू नका, आन माझी बाटली तर ही इकडं हाय.

मी लिंबाजीकडं बघितलं. त्याच्या हातातला दोर सुटला होता. तो मह्या हातातल्या बाटलीकडं बघत होता. मग त्याला हसू फुटलं. असा हसला की होडी हलली. हसता हसता डोळ्यातनं पानी आलं, तरी हसून राहिला.

"अण्णा," म्हनला, "ते मह्या मरनाचं पानी होतं."

मला कळंना. म्हनलं मरनाचं म्हंजे. तर म्हनला, मरताना तोंडात घालायला. इथं कुठं गंगा हाय. पुनमच्या घरी बाटली ठेवली असती तर तिनं कशाची म्हनून इचारलं असतं आन ऐकून रडली असती. म्हनून चार दिवस पिशवीत घेऊनच फिरून राहिला होता.

मला लाज वाटली तवा मी रागावतो, ही मही जुनी खोड. म्हनलो, "मरायला एक चमचा लागतो. दोन लिटर कामून आनलं? किती खेपा मरनार होतास?"

तो हसायचा थांबला. "कोंडाच्या टायमाला चमचाभर बी नव्हतं," म्हनला.

त्या दिवशी मी तिथंच होतो. वहिनीचा श्वास लागला होता, कोनीतरी म्हनलं पळा, आमदुऱ्याहून गंगेचं पानी आना. मीच म्हनलो होतो, कशाला तमाशा, नळाला बी कुठलं तरी नदीचंच पानी येतं. मीच नळाखाली तांब्या भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तेच घातलं. दोन वर्ष तो मला त्यावरनं एक शब्द बोलला न्हाई. मला वाटलं त्याला पटलं.

मग म्हनला, "अण्णा, मी आता मुदखेडला येत न्हाई."

मी ओठावर बोट ठेवलं. मह्या दोराला तवा कायतरी ओढून राहिलं होतं. पन तो आज गप बसला न्हाई. म्हनला, पुनमनं बदलीचा अर्ज वापस घेतला, आता बदली मागायची न्हाई, घर इथंच घेतलं. म्हनला, दिवाळीच्या मागं न्हानीत पाय घसरून पडलो. दोन घंटे फरशीवर पडून होतो. शेवटी बसम्मानं बकऱ्या वरडल्या म्हनून डोकावलं.

मी म्हनलो, मला कामून सांगितलं न्हाई.

"दुसऱ्या दिवशी आयतवार होता, सांगनार होतो," म्हनला. "गळ पान्यात होता."

दोर हाताला कापून राहिला होता. नाखव्यानं उठून तो मह्या हातातनं काढून घेतला आन मासा वर घेतला. कोनता होता ते मी बघितलं न्हाई.

वापस येताना दोघाचे बी गळ वर होते. बोलायला मुभा होती. कोनीच बोललं न्हाई.

रातच्याला तांबोशी केली. चांगली झाली होती म्हनतात.

३० जानेवारी, गुरुवार

काल निघालो, आज सकाळी नांदेडात उतरलो. पुनम निघताना पाया पडली. काका, तुमी रागावलात का. मी म्हनलो, रागवायला मला टाइम न्हाई, यष्टी लागली हाय. लिंबाजी स्टँडवर आला होता. मी त्याची चावी काढून दिली तर घेतली न्हाई. म्हनला, तुह्याकडंच राहू दे, कधी दार उघड, हवा लागू दे.

यष्टी हलल्यावर बघितलं तर तो हात वर करून उभा, नुसता उभा. मी हात केला न्हाई. हातात पिशवी होती.

ओकारीची गोळी खिशातच निघाली. विरघळून चावीला चिकटली होती.

२ फेब्रुवारी, आयतवार

गुणाबाईला आज सांगितलं, लिंबाजी तिकडंच राहिला. म्हनली, मला म्हाईत हाय. जायच्या आधी पंधरा दिवस तुळशीची कुंडी देऊन गेले. बसम्माला म्हाईत हाय, किरानावाल्याला म्हाईत हाय, पोस्टमनला नवा पत्ता दिलाय. मी म्हनलो, मग मलाच कामून न्हाई. तर म्हनली, "तुमाला सांगायला तर एवढ्या लांब घेऊन गेले. हिथं तुमी बोलू देता का कुनाला?"

आमदुऱ्याला गेलो न्हाई. गुडघा दुखून राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिंबाजीच्या काठीला तेल लावलं. दोन हात दिले.

दुपारी कुलूप उघडलं. घरात काही न्हाई. भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन. न्हानी बघितली. धरायला काहीच न्हाई. नुसता नळ. पस्तीस वर्षात मी ह्या घरात कमीत कमी हजार खेपा आलो असंन, न्हानीत एकदा बी डोकावलो न्हाई. दांडी बसवायला मला अर्धा घंटा लागला असता. ड्रिल मशीन दुकानात पडून हाय.

९ फेब्रुवारी, आयतवार

आमदुऱ्याला एकटा गेलो. त्याची काठी नेली. गळ टाकला आन गप बसलो. मग ध्यानात आलं, गप कुनासाठी बसून राहिलो. म्हनून बोललो. लिंब्या, वारं कमी हाय. लिंब्या, ह्या साली पानी लवकर उतरलं. लिंब्या, तुह्या न्हानीत दांडी बसवली काल, आता उपेग काय. असं बराच टाइम बोललो. पल्याडचा येडा उठून बघायला लागला.

दीड किलोचा कतला लागला. बोलल्यानं मासा पळत न्हाई म्हंजे. पस्तीस वर्षानं कळलं.

निघताना कमरेइतक्या पान्यात जाऊन बाटली भरली. काठाला शेवाळ असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुरिअरवाला म्हनला, पातळ वस्तू घेत न्हाई. पोस्टवाला म्हनला, ह्यात काय हाय. गंगा, म्हनलो. त्यानं चश्म्याच्या वरून बघितलं आन बाटली वापस ढकलली. दोघाशी बी हुज्जत घातली. मग स्टेशनवर गेलो.

संध्याकाळी लिंबाजीला फोन लावला. आमी फोनवर कधी बोललेलो न्हाई, दोघं बी वरडत होतो. म्हनला, नाखवा इचारतो, हिंगवाले आजोबा परत कधी येनार. मी म्हनलो, शिवरात्र झाली की. तिकीट काढलं, पानी घेऊन येतो. म्हनला, अण्णा, एवढ्या लांब कामून जिकीर करतो, एका चमच्याची तर बात हाय.

मी म्हनलो, "मी येतो तवर मरू नको. उगं कोनी नळाचं घालंल."

ह्या टायमाला न वरडता म्हनला, बरं.

ह्या खेपेला दोन बाटल्या भरनार. एकीवर त्याचं नाव घालतो. दुसरी मला, चूळ भरायला.